कुलरचं तोंड कुणीकडे

आमच्या घरातला सर्व्हर दुपारी बंद पडायचा आणि सकाळी आपोआप बरा व्हायचा. शाळा चुकवणाऱ्या पोराच्या पोटदुखीसारखं. मला आधी हसू आलं, मग राग आला आणि मग भीती वाटायला लागली.

सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गार काचेची खोली येते. आमचा सर्व्हर म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा काळा डबा, टीव्हीच्या बाजूला बुटक्या स्टुलावर ठेवलेला. आत चार हार्ड डिस्क, एकीखाली एक. नवऱ्यानं तो स्वतः जोडला होता. तो लग्नाचं शूटिंग करायचा आणि मी घरी बसून एडिटिंग करायचे. जळगाव जामोदच्या आजूबाजूच्या कितीतरी घरांची लग्नं या डब्यात येऊन गेली. डब्याच्या एका बाजूचं पत्र्याचं झाकण त्यानं पहिल्याच उन्हाळ्यात काढून माळ्यावर टाकलं, आतल्या सामानाला हवा लागावी म्हणून. आमच्याकडे बहुतेकांचे कॉम्प्युटर असेच उघड्या अंगानं बसलेले असतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मी त्याला घरात 'अहो' म्हणायचे. लिहिताना मात्र 'तो' येतंय, तर येऊ दे. मागच्या उन्हाळ्यात साखरखेर्ड्याकडच्या एका लग्नात भर दुपारी वरात निघाली. नवरदेवापुढे पोरं नाचत राहिली आणि हा खांद्यावर कॅमेरा घेऊन त्यांच्यापुढे उलटा चालत राहिला. ऊन लागलं. मांडवात आणून निजवला, डोक्यावर पाणी मारलं, गाडी मिळाली, दवाखानाही गाठला. पण तो वाचला नाही. आम्हाला मूल नाही. घरात उरलो मी आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचा हा एकुलता एक मुलगा होता.

आता त्याच्या आवाजाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या आवाजापायीच घडलं. शूटिंग करणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही, तसा त्याचाही फारसा कुणी काढला नाही. त्याचा आवाज मात्र प्रत्येक शूटिंगमध्ये असायचा. "मामा, थोडे इकडे सरका." "नवरीबाई, वर पाहा ना जराशा." "ओ भाऊ, डोकं बाजूला घ्या." आणि माझं काम काय, तर तो आवाज काढून टाकायचा. लोकांना आपल्या लग्नात सनई हवी असते, कॅमेरावाल्याचं ओरडणं नको असतं. कितीतरी वर्षं मी कानाला हेडफोन लावून स्वतःच्या नवऱ्याचा आवाज कापत बसले. वर त्यालाच बोलायचे, तोंड जरा बंद ठेवत जा, माझं काम वाढतं. तो म्हणायचा, मी तोंड बंद ठेवलं तर तुमच्या नवऱ्या सगळ्या खाली मान घालूनच लग्न लावतील.

लग्न तयार करून दिलं की कच्चं शूटिंग आम्ही पुसून टाकायचो, कारण पुढच्या लग्नाला जागा लागायची. मेसेज करायचा म्हटलं तर हा माणूस नुसता अंगठा पाठवायचा. त्यामुळे तो गेल्यावर आम्ही दोघी शोधायला बसलो तेव्हा त्याचा आवाज एकाच ठिकाणी सापडला. नवा माइक आणला होता तेव्हा याच खोलीत बसून, आत्याबाईंशी बोलत बोलत, त्यानं तो तपासून पाहिला होता. ती एक क्लिप 'टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये पुसायची राहून गेली होती.

ती क्लिप आत्याबाई रोज पाहायच्या. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की टीव्हीसमोर येऊन बसायच्या. डबा टीव्हीला जोडलेला होता आणि रिमोटवरची बटणं मी त्यांना शिकवली होती. चष्मा कपाळावर सरकवून त्या बरोबर 'टेस्ट'पर्यंत पोचायच्या. आणि मी? मी उठून स्वयंपाकघरात जायचे. मिक्सर लावायचे, कढईत काहीतरी परतायला घ्यायचे. ती क्लिप मी एकदाही शेवटपर्यंत ऐकली नाही. पहिलं "माय" कानावर आलं की पुढचं ऐकवत नसे. ज्या आवाजावर इतकी वर्षं कात्री चालवली, तो आता जपून ऐकायचा, हे मला जमत नव्हतं.

या उन्हाळ्यात एके संध्याकाळी टीव्हीवर ते फोल्डरच दिसेना. आत्याबाई रिमोट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तो नाई दिसून राह्यला वं."

"कोण?"

"तो. टीवीतला."

मी डबा बंद करून चालू केला. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर सगळं जागच्या जागी होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दुकानात गेले. तो गेल्यापासून बाजारातलं आमचं दुकान मीच चालवते, पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, बस्स एवढंच. सकाळी जाते ती दिवेलागणीला परत येते. त्या संध्याकाळी पुन्हा तेच. आणि तिसऱ्या दिवशीही तेच. क्लिप दिसली नाही की आत्याबाई अर्धी भाकरी तशीच ताटात ठेवून उठायच्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला एवढंच दिसत होतं, की ती क्लिप गेली तर या बाईला रोज सकाळी उठून बसायला काही कारण उरणार नाही.

पहिलं काम म्हणजे क्लिपची दुसरी प्रत काढणं, इतकं मलाही कळतं. सकाळी सकाळी पेन ड्राइव्ह लावला. पण सकाळी नुसतं फोल्डर दिसायचं. फाईल ओढायला घेतली की निम्म्यावर येऊन तुटायचं. पुन्हा लावलं, पुन्हा निम्म्यावर. शेवटी जेवढं आलं तेवढं मी आत्याबाईंना लावून दिलं. म्हटलं, निदान आवाज तरी आहे.

त्यांनी पाहिलं आणि रिमोट खाली ठेवला. "हे अर्धंच हाय."

"आता एवढ्यावर भागवा आत्याबाई. बाकीचं काढते मी."

"शेवटचं पाह्यजे मले. शेवटचं काऊन नाई?"

मला वाटलं, हा म्हातारपणचा हट्ट आहे. अर्ध्यातही तोच मुलगा आणि तोच आवाज, मग शेवटाचंच काय एवढं? मी चिडून पदर खोचला आणि कामाला लागले. मला राग आला की माझ्या हातून काम बरं होतं.

नांदुऱ्याला नवऱ्याचा एक मित्र कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. त्याला फोन लावला आणि चारपैकी खालच्या दोन डिस्क दुपारी दिसेनाशा होतात असं सांगितलं.

"वहिनी, डिस्क गेल्या समजा," तो म्हणाला. "दोन्ही नव्या टाका."

"दोन्ही एकदम कशा जातील हो?"

"जातात ना. गर्मी पाहा कशी होऊन राह्यली."

मला हे पटेना. डब्यातल्या खालच्या दोन डिस्क जुळ्या होत्या. जे एकीवर ते दुसरीवर. एक गेली तरी दुसरीवर सगळं राहावं, म्हणून नवऱ्यानं घरचं सामान त्या दोघींवर ठेवलं होतं. जुळ्या बहिणी असल्या तरी दोघींना एकाच दुपारी एकच दुखणं होत नाही. वरच्या दोन डिस्क तर त्याच वेळी मजेत चालू असायच्या.

मशीन आपल्या तक्रारी लिहून ठेवतं. ते मी उघडून वाचायला घेतलं. माझं इंग्रजी कामापुरतं, पण एक गोष्ट नीट कळली. डिस्कवरचं वाचता येत नाही, अशी तक्रार त्यात कुठेच नव्हती. डिस्क आपल्याकडचं बरोबर पाठवत होती, पण ते वाटेत बिघडून पोचत होतं. मशीन म्हणायचं पुन्हा पाठव, पुन्हा पाठव, आणि मग कंटाळून तिचा हातच सोडून द्यायचं. अशा प्रत्येक चुकीचा हिशेब डिस्क स्वतःजवळ ठेवते. तो आकडा दर दुपारी वाढत होता. म्हणजे डिस्क धडधाकट होत्या आणि बोलणं वाटेत तुटत होतं. मला जरा धीर आला.

दुपारीच का, याचं खापर मी आधी व्होल्टेजवर फोडलं. उन्हाळ्यात गल्लीतले सगळे कुलर लागले की आमच्याकडे दुपारी पंखा रडत रडत फिरतो. दुकानातला जड यूपीएस ऑटोत घालून घरी आणला आणि डबा त्याच्यावर लावला. काही फरक पडला नाही. मग म्हटलं, गरमीच असेल. डिस्क आपलं तापमानही सांगतात, त्याचे मागचे आकडे काढले तर चमत्कारिकच प्रकार. खालच्या दोन्ही डिस्क दुपारी सकाळपेक्षा गार. बाहेर मे महिना, खोलीची भट्टी झालेली, आणि या दोघी गारेगार. मी स्वतःशीच म्हटलं, सेन्सर बिघडला असेल, आणि पुढे गेले. तिथंच थोडी थांबले असते तर सगळं त्याच दिवशी उलगडलं असतं.

पुढे केबलींकडे वळले. मदरबोर्डाकडची टोकं तेवढी काढली आणि वरच्या डिस्कांची जागा खालच्यांना दिली, खालच्यांची वरच्यांना. दोष मदरबोर्डातल्या खाचेचा असता तर आता वरच्या डिस्क आजारी पडायला हव्या होत्या. पण आजारी खालच्याच राहिल्या. म्हणजे मदरबोर्ड सुटला. आता उरली ती केबल, नाहीतर केबल जिथे डिस्कमध्ये शिरते ते टोक.

रविवारी दुकानाला कुलूप लावलं आणि नांदुऱ्याची बस धरली. बसच्या खिडकीतून येणारी हवा तोंड भाजत होती. दुपट्टा डोक्याला आणि तोंडाला गुंडाळून बसले. कपाशीची रानं उघडी पडली होती, झाडाखाली ढोरंसुद्धा निमूट उभी होती. त्या मित्रानं चार नव्या केबली काढून दिल्या. "उगाच तरास घेऊन राह्यल्या वहिनी, डिस्कच गेल्या असन," असंही म्हणाला. म्हटलं, बघू या. मित्राच्या दुकानात भिंतीवर एक फोटो होता. त्यात मागच्या बाजूला, लोकांच्या खांद्याआडून, माझा नवरा दिसत होता. अर्धा. मी पाणी पिऊन लगेच निघाले.

घरी येऊन डबा उजेडात ओढला. सगळ्यात खालच्या डिस्कची जुनी केबल काढायला हात मागे घातला तर वायरींच्या मागे काहीतरी कोरडं, हलकं हाताला लागलं. बाहेर काढलं तर कांदा. वाळून खुळखुळा झालेला, पण कांदाच. कॉम्प्युटरच्या डब्यात मी आजवर पाल पाहिली आहे, झुरळं पाहिली आहेत, एकदा उंदराचं पिल्लू पाहिलं आहे. कांदा पहिल्यांदाच पाहिला.

आमच्याकडे उन्हात निघणाऱ्याच्या खिशात कांदा ठेवतात, ऊन लागू नये म्हणून. आत्याबाई दर लग्नाला त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत एक कांदा टाकायच्या. तो मला गुपचूप काढून दाखवायचा आणि हसायचा, आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायचा. मी तो वाळका कांदा हातात घेऊन जमिनीवर बसून राहिले. आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. रडू आलं तेवढं रडून घेतलं. मग कांदा खिडकीत ठेवला आणि केबल ओढली.

केबलच्या तोंडात पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. डिस्कच्या पितळी दातांवरही तेच, पांढरं आणि कडेनं हिरवट. आधी वाटलं भिंतीचा चुना झडला असेल. नखानं खरवडलं, बोटाला लावलं आणि जिभेवर ठेवून पाहिलं. खारट होतं.

आता या डब्यात मीठ कोण टाकणार? पण आमच्या वस्तीत मिठाचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. बोअरचं पाणी खारं आहे. त्यानं साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. प्यायला नळाचं पाणी भरून ठेवतो आणि बाकी सगळ्याला बोअरचं. कुलरलाही बोअरचंच. आमच्या कुलरच्या पत्र्यावर, खिडकीच्या गजावर, जिथे जिथे त्याची हवा जाते तिथे तिथे उन्हाळा संपेपर्यंत हे असंच पांढरं बसतं. यंदा तर आतलं गवत जुनं झालं होतं, त्यामुळे हवेबरोबर थेंबही उडायचे. बदलू बदलू म्हणून राहिलं होतं. पण कुलर तर आत्याबाईंच्या खाटेकडे तोंड करून उभा असायचा. मी सकाळी जाताना तिकडे, संध्याकाळी आल्यावरही तिकडेच.

त्या दिवशी मी काहीच विचारलं नाही. केबलीही बदलल्या नाहीत, जुनीच परत लावली; दुपारी घरात काय होतं ते आधी डोळ्यांनी पाहायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, शेजारच्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि घरी आले. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं.

चाकांच्या स्टँडवरचा कुलर खाटेकडे पाठ करून उभा होता. त्याचं तोंड डब्याकडे होतं, बरोबर उघड्या बाजूकडे. भन्नाट वारं सुटलं होतं आणि बारीक बारीक थेंब त्या वायरींवर उडत होते. आत्याबाई लांबच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. डोक्यावर ओला टॉवेल, हातात पुठ्ठा, त्यानं स्वतःला वारा घालत होत्या. तोंड लालबुंद झालं होतं.

"आत्याबाई! हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

त्या दचकल्या. "तू काऊन आली आता?"

"कुलर तिकडं कायले फिरवला?"

"तापते तो," त्या हळूच म्हणाल्या.

"तापू द्या ना! मशीन हाय ते. तुम्ही इकडे उकडून राह्यल्या अन् हवा मशीनले?"

"तो म्हणते ना वं. रोज म्हणते."

मला वाटलं, गरमी डोक्यात गेली. मुलगा गेला त्याच दुखण्यानं आता आईही माझ्या डोळ्यांदेखत जाणार, असं वाटलं आणि त्या भीतीपोटी मी जे बोलू नये ते बोलले. "खारं पाणी जाऊन राह्यलं त्याच्यात! म्हणून तो दिसत नाई तुम्हाले. तुमच्याच हातानं तुम्ही त्याले संपवून राह्यल्या!"

आत्याबाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. भिंतीचा आधार घेऊन उठल्या. कुलर जड आहे, मी पुढे झाले तर मला हात लावू दिला नाही. दोन्ही हातांनी रेटून त्यांनी तो पुन्हा खाटेकडे फिरवला आणि मग बंदच केला. खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. मी तो पुन्हा चालू केला. त्यांनी अंगावर पदर ओढून घेतला.

त्या दुपारी मी दुकानात परत गेले नाही. दोन्ही डिस्क बाहेर काढल्या. शाळेच्या पोरांसारखं खोडरबर घेऊन एकेक पितळी दात घासला, कॅमेरा पुसायच्या औषधानं पुसला, बारीक ब्रशनं कोपरे काढले. मीठ चिवट असतं. गेलंसं वाटतं आणि सुकलं की पुन्हा पांढरं उमटतं. तीनतीनदा केलं. नव्या केबली लावल्या. माळ्यावरून झाकण उतरवलं, त्यावरची धूळ झटकली, आणि इतक्या वर्षांनी डब्याला त्याचं झाकण बसवलं. मग डबा स्टुलावरून उचलून आतल्या खोलीत फळीवर ठेवला, कुलरची हवा पोचणार नाही अशा जागी. टीव्हीला जाणारी वायर लांबवली. बैठकीत तेवढं रिकामं स्टूल राहिलं.

डबा चालू केला. चारही डिस्क आल्या. चुकांचा आकडा पाहिला तर होता तेवढाच होता. तो कधी कमी होत नाही. झालेल्या चुका डिस्कवर कायमच्या राहतात, नव्या पडायच्या तेवढ्या थांबतात. मी वाट पाहत बसले. आकडा हलला नाही. मग पेन ड्राइव्ह लावला, क्लिप ओढली आणि या वेळी ती निम्म्यावरून पुढे गेली आणि पूर्ण झाली.

"आत्याबाई, आला तो," मी म्हटलं.

त्या उठून बसल्या. "बरा झाला?"

"हाव. आता नाई बिघडत."

त्यांनी मान हलवली. पण जवळ आल्या नाहीत. दिवा लावायची वेळ झाली तेव्हा दिवा लावला, नमस्कार केला आणि पुन्हा खाटेवर जाऊन बसल्या. रिमोटला हात लावला नाही. माझ्या बोलण्यानं हात आखडला होता त्यांचा, दुसरं काय. म्हणाल्या, "तूच पाय आता. नीट चालते का नाई."

नीट चालते का हे पाहायचा खरा मार्ग एकच असतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहायचं आणि कानांनी ऐकायचं. एडिटिंग करणारीला हे कुणी सांगायला नको. त्यामुळे त्या संध्याकाळी मला स्वयंपाकघरात जाता आलं नाही. मी टीव्हीसमोर खाली बसले आणि क्लिप लावली.

हीच खोली. उन्हाळाच, कारण आत्याबाई खाटेखाली बसून विळीवर लोणच्याच्या कैऱ्या चिरत होत्या. कुलर त्यांच्याकडे तोंड करून चालू. तो दिसत नव्हता. कॅमेऱ्याच्या मागे होता, नेहमीसारखा.

"माय, बोल काही."

"का बोलू?"

"काहीबी बोल. माइक पाहून राह्यलो."

"तुया बापानं कधी बोलू देलं नाई मले, अन् आता तू म्हणते बोल."

तो हसला. अगदी मोकळं, पोटातून. हे हसू मी किती लग्नांतून कापलं असेल. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण मी उठले नाही. माझं काम पूर्ण पाहायचं होतं. आत्याबाईंनी कैरीचा दर आपल्या नवऱ्याच्या नावानं शिव्या घालत सांगितला, तो पुन्हा हसला. निम्मं झालं. जिथे रोज तुटत होतं ती जागा आली आणि गेली. आवाज साफ होता.

मग तो म्हणाला, "माय, लई गरम होऊन राह्यलं वं. कुलर इकडे फिरव ना जरासा."

टीव्हीतल्या आत्याबाईंनी वरही पाहिलं नाही. "थांब. एवढ्या कैऱ्या होऊ दे. हात भरले माहे."

"फिरव ना वं माय."

"थांब म्हटलं ना बावा!"

त्याचा हात कॅमेऱ्यासमोर आला, बोटं दिसली, अंगठी दिसली आणि पडदा काळा झाला. क्लिप तेवढीच होती.

मला मागे वळून पाहायचा धीर होईना. वर्षभर रोज संध्याकाळी त्यानं या बाईला कुलर फिरव म्हटलं होतं, आणि वर्षभर रोज संध्याकाळी तिनं स्वतःला थांब म्हणताना ऐकलं होतं. मी पलीकडे मिक्सर लावून बसले होते. यंदा उन्हाळा आला, माळ्यावरून कुलर उतरला आणि तिनं तो फिरवला.

मागे स्टँडची चाकं वाजली. वळून पाहिलं तर आत्याबाई खाटेवरून उठून कुलरपाशी आल्या होत्या. दोन्ही हात त्याच्या पत्र्यावर होते. पण त्यांनी फिरवला नव्हता. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"फिरवू का वं?" त्यांनी विचारलं.

मी उठले आणि टीव्हीच्या बाजूच्या त्या रिकाम्या स्टुलावर जाऊन बसले.

"फिरवा, आत्याबाई."

त्यांनी जोर लावून कुलर फिरवला. खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब माझ्या तोंडावर उडायला लागले. त्या तिथंच उभ्या राहिल्या, पत्र्यावरचा हात न काढता.

"लागते का वारं?"

"लागते," मी म्हटलं. "आता बरं वाटून राह्यलं, माय."